पैसे घेण्याआधी सांगा : संगीताच्या बाजारातील कंपन्यांना एका श्रोत्याचे खुले पत्र

प्रति,
मोठ्या मैफली भरवणाऱ्या, त्यांची तिकिटे विकणाऱ्या आणि ऑनलाइन गाणी ऐकवणाऱ्या कंपन्यांचे संचालक यांस,

स. न. वि. वि.

मागणी वाढली की तिकिटाची किंमत वाढवायची, ही पद्धत संगीताच्या कार्यक्रमांत अपवाद म्हणून आली आणि आता तोच नियम होऊ पाहत आहे. जाहिरातीत एक आकडा असतो, ऑनलाइन रांगेतून आत शिरल्यावर दुसरा दिसतो आणि पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावर तिसराच समोर येतो. अलीकडे एका मोठ्या मैफलीचे तिकीट काढताना मला हे तिन्ही आकडे पाहावे लागले. तक्रार केली तेव्हा उत्तर आले, की किमतीत बदल होऊ शकतो हे खरेदीच्या अटींमध्ये लिहिलेले आहे आणि त्या अटी मी मान्य केलेल्या आहेत. कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर बिनचूक असेलही, पण आपल्याकडून काही विकत घेणाऱ्या माणसाला देण्याजोगे ते उत्तर नव्हे. त्या कंपनीचे नाव मी येथे घेत नाही. दोष तिच्या एकटीचा असता, तर मी तिला खासगी पत्र लिहून थांबलो असतो. आपण बहुतेक सगळेच त्या वाटेने निघाला आहात, म्हणून हे पत्र सगळ्यांना आणि सगळ्यांसमोर लिहीत आहे.

माझा या व्यवसायाशी संबंध एवढाच, की मी गाणे ऐकतो आणि त्याचे पैसे देतो. मी गात नाही, वाजवत नाही, कोणत्याही कंपनीत माझी भागीदारी नाही. मैफल महाग आहे, ही माझी तक्रार नाही. रंगमंच उभारणे, प्रकाशयोजना, ध्वनियंत्रणा, ती गावोगाव वाहून नेणारी वाहने, विमा, सुरक्षारक्षक आणि पडद्यामागे राबणारी शेकडो माणसे यांचा खर्च मला समजतो. ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीतून पूर्वी मिळणारे उत्पन्न आटल्यामुळे अनेक कलाकारांचे घर आता दौऱ्यांवरच चालते, हेही मला ठाऊक आहे. जे मला मान्य नाही ते वेगळेच आहे. माझ्या पैशांविषयीचे जवळजवळ सगळे निर्णय माझ्यापासून झाकून ठेवले जातात आणि पैसे वसूल झाल्यावरच, तेही कोणी चौकशी मागे लावली तर, उघड होतात. पुढचे सगळे म्हणणे या एका आक्षेपातून निघालेले आहे.

सुरुवात किमतीपासून करतो. ३१ ऑगस्ट २०२४ रोजी ओअॅसिस या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या पुनर्मीलनाच्या मैफलींची तिकिटे विक्रीला आली. उभे राहून ऐकण्याची जी तिकिटे सुमारे १५० पौंडांना मिळतील असे लोक धरून चालले होते, त्यांसाठी तासन्‌तास रांगेत थांबल्यानंतर अनेकांसमोर ३५५ पौंडांचा आकडा आला. संगणक मागणी पाहून क्षणाक्षणाला किंमत चढवत होता, अशी सर्वांची समजूत झाली. ब्रिटनच्या स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने चौकशी केली, तेव्हा निघाले ते याहून साधे आणि माझ्या मते याहून वाईट होते. तसा संगणकी चढउतार झाल्याचा पुरावा सापडला नाही. उभ्या तिकिटांच्या दोन किमती आधीपासूनच ठरलेल्या होत्या. स्वस्त तिकिटे आधी सोडली गेली आणि ती संपल्यावर महाग तिकिटे बाहेर काढली गेली. रांगेतल्या लोकांना मात्र किमती दोन आहेत हेच सांगितलेले नव्हते. बसण्याच्या काही जागांना ‘प्लॅटिनम’ असे भारदस्त नाव देऊन त्या जवळपास अडीचपट दराने विकल्या गेल्या. त्या जागांना वेगळी कोणतीही सोय नव्हती आणि पुष्कळदा त्या साध्या तिकिटांच्याच भागात होत्या, पण हे ग्राहकाला पुरेसे स्पष्ट करण्यात आले नाही, असे प्राधिकरणाने म्हटले.

ही तिकिटे विकणाऱ्या टिकेटमास्टर या कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये प्राधिकरणाला हमी दिली, की यापुढे अशा टप्प्याटप्प्याच्या किमती असतील तर विक्रीच्या २४ तास आधी तसे कळवले जाईल आणि रांगेतल्या लोकांनाही किमतींची माहिती दिली जाईल. ही हमी वाचून मला समाधान वाटायला हवे होते, पण संतापच जास्त आला. आदल्या दिवशी सांगणे इतके सोपे होते, तर ते सांगायला सरकारी चौकशी का लागली? आणि जी सोय एका देशातल्या ग्राहकाला मिळते, ती दुसऱ्या देशातल्या ग्राहकाला त्याचे सरकार जागे होईपर्यंत मिळणार नाही, हा कुठला न्याय?

या पद्धतीच्या समर्थनार्थ विमानाच्या तिकिटांचे उदाहरण नेहमी दिले जाते. विमानाचे भाडे मागणीनुसार बदलते, मग मैफलीचे का बदलू नये, असा आपला प्रश्न असतो. प्रवाशाला दुसरे विमान मिळते, दुसरा दिवस मिळतो, दुसरी कंपनी मिळते आणि आठवडाभर दरांवर नजर ठेवून निर्णय घेण्याची सवड मिळते. मैफल त्या एका संध्याकाळी, त्या एका जागी, त्या एकाच कलाकाराची असते. पडद्याच्या कोपऱ्यात उलटी मोजणी सुरू असते, काही मिनिटांत पैसे भरले नाहीत तर हाती आलेली जागा निसटणार असते, आणि त्याच घाईत नवा आकडा समोर ठेवला जातो. विचार करायला वेळ मिळू नये अशीच जिथे रचना आहे, तिथे ग्राहकाने किंमत मान्य केली, असे म्हणण्यात अर्थ नाही.

किमतीच्या पोटात शुल्क असते. सेवाशुल्क, सुविधाशुल्क, प्रक्रियाशुल्क, कार्यक्रमस्थळाचे शुल्क अशी त्याची नावे पाहिली की या सगळ्या सेवा नेमक्या कोणी कोणाला दिल्या, असा प्रश्न पडतो. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, त्यांनी तपासलेल्या कार्यक्रमांच्या मूळ विक्रीत शुल्काचे प्रमाण तिकिटाच्या किमतीच्या सरासरी २७ टक्के होते. या रकमेतला वाटा सभागृहांना आणि आयोजकांनाही जातो, म्हणजे लोकांच्या शिव्या तिकीट कंपनी खाते आणि पैसे सगळे मिळून वाटून घेतात. २०२३ च्या मार्चमध्ये द क्युअर या वाद्यवृंदाचे गायक रॉबर्ट स्मिथ यांनी आपल्या अमेरिकेतल्या दौऱ्याची तिकिटे मुद्दाम स्वस्त ठेवली होती आणि मागणीनुसार किंमत बदलण्याच्या पद्धतीला नकार दिला होता. तरीही २० डॉलरच्या तिकिटावर २० डॉलरहून अधिक शुल्क लागल्याच्या पावत्या लोकांनी त्यांना दाखवल्या. स्मिथ यांनी जाहीरपणे जाब विचारल्यावर टिकेटमास्टरने सर्वांत स्वस्त तिकिटांवर १० आणि इतर तिकिटांवर ५ डॉलर परत करण्याचे कबूल केले. ते शुल्क खरोखरच दिलेल्या सेवेचा खर्च असता, तर एका गायकाने आवाज चढवल्याबरोबर त्यातला एवढा भाग परत करणे कंपनीला कसे परवडले? या प्रश्नाचे उत्तर मी आजवर कुठे वाचलेले नाही.

अतिरिक्त पैसे द्यायला माझा सरसकट विरोध आहे, असे मात्र समजू नये. फ्रान्समध्ये मनोरंजनाच्या कार्यक्रमांच्या तिकीटविक्रीवर ३.५ टक्के कर आहे आणि तो पैसा तिथल्या राष्ट्रीय संगीत केंद्रामार्फत संगीताच्याच क्षेत्रात, नवे कार्यक्रम आणि लहान सभागृहे यांच्या मदतीसाठी परत येतो. असा पैसा मी आनंदाने देईन, कारण तो कुठे जातो हे कळते.

आता तिकिटांच्या संख्येविषयी. सभागृहात जागा किती, हे सर्वांना माहीत असते. त्यांपैकी सर्वसामान्य माणसाला विकायला किती ठेवल्या आहेत, हे मात्र व्यवसायातले गुपित मानले जाते. न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी जानेवारी २०१६ मध्ये या विषयावर अहवाल काढला. त्यांनी तपासलेल्या सर्वाधिक मागणीच्या मैफलींमध्ये सरासरी ४६ टक्केच तिकिटे खुल्या विक्रीसाठी होती. उरलेली ५४ टक्के तिकिटे विशिष्ट क्रेडिट कार्डधारक आणि चाहता मंडळे यांच्यासाठीच्या पूर्वविक्रीत, आणि कलाकार, आयोजक, सभागृह यांच्या ओळखीपाळखीत गेली होती. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला आपण पूर्ण सभागृहासाठी उभे आहोत असे वाटते, प्रत्यक्षात तो निम्म्याहून कमी जागांसाठी उभा असतो. हे त्याला आधी सांगितले, तर कदाचित तो रांगेत उभाच राहणार नाही. तसे झाले, तर तो त्याचा हक्क आहे.

खुल्या विक्रीतल्या त्या तिकिटांवरही दलालांची, माणसाऐवजी आपोआप तिकिटे काढणारी संगणकी यंत्रे तुटून पडतात. त्याच अहवालात एका दलालाने एका मिनिटात यू टू या वाद्यवृंदाच्या एका मैफलीची १,०१२ तिकिटे उचलल्याची नोंद आहे. त्या मैफलीसाठी प्रत्येकी ४ तिकिटांची मर्यादा ठरवलेली होती. अमेरिकेने डिसेंबर २०१६ मध्ये अशा संगणकी खरेदीवर बंदी घालणारा कायदा केला. तरीही १५ नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिकी गायिका टेलर स्विफ्ट यांच्या दौऱ्याच्या पूर्वविक्रीत टिकेटमास्टरच्या यंत्रणेवर एकूण ३५० कोटी विनंत्या आदळल्या, असे कंपनीनेच सांगितले, आणि तीन दिवसांनी होणारी खुली विक्री रद्द करावी लागली. पुढच्या जानेवारीत अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर या प्रकाराची सुनावणी झाली. कंपनीने यंत्रांच्या हल्ल्याकडे बोट दाखवले. तो हल्ला खरा असेलही, पण दाराशी पहारा ठेवण्याचे शुल्क घेणाऱ्याने चोर फार होते असे म्हणून मोकळे व्हावे, हे पटत नाही.

पुनर्विक्रीबद्दल फार लिहायची गरज नाही, कारण तिच्यातली गोम सर्वांना माहीत आहे. पहिली विक्री आणि पुनर्विक्री या दोन्ही एकाच कंपनीच्या हाती असल्या, की त्याच खुर्चीवर तिला दोनदा शुल्क मिळते. अशा वेळी दलालांना रोखण्यात तिला किती रस उरेल? अमेरिकेच्या व्यापार आयोगाने सप्टेंबर २०२५ मध्ये लाइव्ह नेशन ही मैफली भरवणारी कंपनी आणि टिकेटमास्टर यांच्यावर दाखल केलेल्या दाव्यात हाच आरोप आहे. न्यायालय काय तो निकाल देईल. पण आयर्लंडने २०२१ च्या कायद्याने १,००० किंवा त्याहून अधिक क्षमतेच्या स्थळांवरील कार्यक्रमांची तिकिटे मूळ किमतीपेक्षा जास्त दराने विकण्यास बंदी केली आणि ब्रिटनच्या सरकारनेही नोव्हेंबर २०२५ मध्ये तसाच कायदा आणण्याचे जाहीर केले. आजारी पडलेल्या किंवा अडचणीत सापडलेल्या माणसाला आपले तिकीट मूळ किमतीला दुसऱ्याला देता आले पाहिजे. त्यापलीकडे पुनर्विक्रीची गरज श्रोत्याला नाही.

आपल्यापैकी काहींना वाटेल, की ग्राहकाला पटत नसेल तर त्याने दुसरीकडे जावे. दुसरीकडे म्हणजे कुठे? १९९४ साली पर्ल जॅम या वाद्यवृंदाने आपले तिकीट १८ डॉलर आणि त्यावरचे शुल्क १.८० डॉलरच्या आत ठेवायचे ठरवले, टिकेटमास्टरने ते मानले नाही, तेव्हा त्यांनी अमेरिकेच्या न्याय विभागाकडे मक्तेदारीची तक्रार केली. त्यांच्यापैकी दोघांनी संसदीय समितीसमोर साक्ष दिली. टिकेटमास्टरला वगळून दौरा करण्याचा त्यांनी प्रयत्न केला, तर योग्य सभागृहेच मिळेनात. १९९५ साली न्याय विभागाने चौकशी बंद केली. २०१० साली तिकिटे विकणारी टिकेटमास्टर आणि मैफली भरवणारी लाइव्ह नेशन या कंपन्यांचे एकत्रीकरण सरकारने काही अटींवर मंजूर केले आणि मे २०२४ मध्ये त्याच न्याय विभागाने त्याच एकत्रित कंपनीविरुद्ध मक्तेदारीचा खटला भरला. जगातल्या लोकप्रिय वाद्यवृंदांपैकी एकाला जिथे दुसरीकडे जाता आले नाही, तिथे मी कुठे जाणार?

तिकीट मिळाल्यानंतरची तक्रार ऐकण्यासंबंधी आहे, आणि खरे सांगायचे तर ती माझ्या मनाला किमतीपेक्षाही जास्त लागलेली आहे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर वेगाने जातो. रंगमंचापासून १०० मीटरवर बसलेल्या माणसाला गायिकेचे ओठ मोठ्या पडद्यावर हललेले आधी दिसतात आणि तिचा स्वर जवळपास एक तृतीयांश सेकंदाने ऐकू येतो. मध्यावर वेगळे मनोरे उभारून, त्यांतल्या ध्वनिक्षेपकांचा आवाज नेमक्या तेवढ्या विलंबाने सोडला, तर मागच्या माणसालाही शब्द स्वच्छ कळतात. हे तंत्र जुने आहे आणि चांगले ध्वनितंत्रज्ञ ते उत्तम वापरतात. पण मोठ्या मैदानावर मागची तिकिटे विकताना तिथे मनोरा आहे की नाही, खांब आड येतो का, रंगमंचाची बाजूच दिसते का, हे सांगितले जात नाही. जागेचा नकाशा सुबक असतो, त्यावर रंग असतात, किंमत असते, आणि ऐकू काय येईल याविषयी एक अक्षर नसते. जणू मैफलीला लोक बसायला येतात!

आवाजाच्या पातळीचेही तेच. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये संगीताच्या स्थळांसाठी सुरक्षित श्रवणाची मानके जाहीर केली. पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, आवाजाची सतत मोजणी व्हावी, कानात घालण्याची बोंडे उपलब्ध असावीत आणि कानांना विश्रांती देता येईल अशी शांत जागा असावी, असे त्यांत म्हटले आहे. ही मानके पाळतो असे अभिमानाने सांगणारी जाहिरात माझ्या पाहण्यात आलेली नाही. तालवाद्यांचा दणका छातीत बसावा म्हणून खालचे स्वर इतके चढवले जातात, की त्यांत गायकाचे शब्द आणि साथीदारांचे बारकावे बुडून जातात. हा अभिरुचीचा प्रश्न आहे असे कोणी म्हणेल, पण कानाला झालेली इजा अभिरुचीवर अवलंबून नसते आणि ती बहुधा भरूनही येत नाही.

पाण्याविषयी लिहावे लागणे हीच शरमेची गोष्ट आहे. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी रिओ द जानेरोमध्ये प्रचंड उकाड्यात झालेल्या टेलर स्विफ्ट यांच्या मैफलीत एका तरुण प्रेक्षक मुलीचा मृत्यू झाला. बाहेरून पाणी आत नेऊ देत नसल्याची लोकांची तक्रार होती. दुसऱ्याच दिवशी ब्राझीलच्या सरकारला आदेश काढावा लागला, की प्रेक्षकांना पाण्याच्या बाटल्या नेऊ द्याव्यात आणि आयोजकांनी पिण्याचे पाणी मोफत पुरवावे. त्याआधी हे कोणाला सुचले नव्हते, असे मानायला मी तयार नाही.

त्यापेक्षा किरकोळ, पण रोजची गोष्ट म्हणजे वेळ. तिकिटावर दरवाजे उघडण्याची वेळ छापलेली असते. ज्याला ऐकायला आपण आलो तो कलाकार गायला कधी सुरुवात करणार आणि कार्यक्रम संपणार कधी, हे ध्वनितंत्रज्ञापासून सुरक्षारक्षकापर्यंत सर्वांना ठाऊक असते. शेवटची गाडी गाठायची असलेल्या श्रोत्याला मात्र ते ठाऊक नसते.

आता ज्या कंपन्या ऑनलाइन गाणी ऐकवतात, त्यांच्याकडे वळतो. माझा मुद्दा तिथेही बदलत नाही. मी दरमहा वर्गणी भरतो, तेव्हा माझे पैसे मी ऐकलेल्या कलाकारांना मिळत असतील अशी सर्वसाधारण समजूत असते. बहुतेक ठिकाणी तसे होत नाही. सगळ्यांची वर्गणी एका कोठारात जमा होते आणि एकूण जितक्या वेळा गाणी ऐकली गेली त्या प्रमाणात तिची वाटणी होते. मी महिनाभर एकाच अनोळखी गायिकेला ऐकले, तरी माझ्या वर्गणीचा मोठा भाग मी कधीही न ऐकलेल्या लोकप्रिय गाण्यांकडे जातो. साउंडक्लाउडने २०२१ साली काही स्वतंत्र कलाकारांसाठी श्रोत्याचे पैसे त्याने ऐकलेल्यांनाच देण्याची पद्धत सुरू केली, म्हणजे हे गणित अशक्य नाही. स्पॉटिफायने उलट दिशेला जाऊन २०२४ पासून असा नियम केला, की आधीच्या १२ महिन्यांत एखादे गाणे किमान १,००० वेळा ऐकले गेले नसेल, तर त्याच्या ध्वनिमुद्रणाचा मोबदलाच मिळणार नाही. कंपनीचे म्हणणे असे, की एकूण ऐकण्यापैकी ९९.५ टक्के ऐकणे या मर्यादेवरच्या गाण्यांचेच असते आणि उरलेल्यांच्या वाट्याला येणारी रक्कम नगण्य असते. नगण्य असेल, तर ती ज्याची त्याला द्यायला काय हरकत होती? निदान ती गाणी वाजताना माझ्या पडद्यावर लिहावे, की या गाण्याचे पैसे त्याच्या गायकाला मिळणार नाहीत. मग मी त्याला दुसऱ्या मार्गाने पैसे पोहोचवीन.

तीस सेकंदांचा हिशेबही श्रोत्यापासून लपलेला आहे. स्पॉटिफायवर गाणे ३० सेकंद वाजले की ते एकदा ऐकल्याची नोंद होते. माझ्या कानांची साक्ष अशी आहे, की गाण्याच्या सुरुवातीचे वाद्यसंगीत, जे पूर्वी श्रोत्याला हाताला धरून हळूहळू गाण्यात नेत असे, ते आता पुष्कळ गाण्यांतून कापलेले असते आणि धृपद जवळजवळ दारातच उभे असते. हा काळाचा बदल असेल, पण त्यात हिशेबाच्या या नियमाचा हात नाही असे मला वाटत नाही.

श्रेयनामावलीची दशा त्याहून वाईट आहे. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर गीतकार, संगीतकार, संयोजक, वादक, कधी कधी ध्वनिमुद्रण करणारा तंत्रज्ञ अशी सगळ्यांची नावे असत. आज अमर्याद जागा असलेल्या पडद्यावर गायकाचे नाव ठळक दिसते आणि बाकीच्यांसाठी दोन-तीन ठिकाणी बोट दाबत जावे लागते. तेवढे करूनही कित्येकदा नावे अपुरी किंवा चुकीची निघतात. भारतात २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करून गीतकार आणि संगीतकार यांना मानधनातला समान वाटा मिळण्याचा हक्क दिला गेला आणि तो त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही अशी तरतूद झाली. कायदा ज्याला हक्कदार मानतो, त्याचे नावही न दाखवता त्याची रचना लाखो वेळा वाजवली जाते.

यंत्राने तयार केलेल्या गाण्यांबाबत तर आता माणसाचे नाव असण्याचीही खात्री उरलेली नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात द वेल्वेट सनडाउन नावाच्या तथाकथित वाद्यवृंदाला स्पॉटिफायवर महिन्याला दहा लाखांहून अधिक श्रोते मिळाले आणि नंतर तो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने रचलेला प्रकल्प असल्याचे त्याच्याच पानावर कबूल करण्यात आले. डीझर या कंपनीने जून २०२५ पासून अशा संगीतावर तशी खूण करायला सुरुवात केली. म्हणजे ओळखणेही शक्य आहे आणि सांगणेही. यंत्राचे गाणे ऐकायचे की नाही हे मी ठरवीन, आणि एखादे आवडलेही तर ते माझे मी पाहून घेईन. पण ते माणसाचे म्हणून माझ्या गळ्यात मारू नये.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

तिकिटाची सर्व शुल्कांसह पूर्ण किंमत पहिल्याच पडद्यावर दिसली पाहिजे. अमेरिकेत व्यापार आयोगाच्या नियमामुळे १२ मे २०२५ पासून हे बंधनकारक आहे आणि त्यामुळे तिथल्या मैफली बंद पडलेल्या नाहीत. प्रत्येक वर्गाच्या तिकिटांच्या सर्व किमती आणि प्रत्येक किमतीची किती तिकिटे आहेत, हे विक्रीच्या किमान २४ तास आधी जाहीर व्हावे, आणि एकदा रांग सुरू झाली की ती संपेपर्यंत कोणतीही किंमत वाढू नये. खुल्या विक्रीत किती जागा आहेत आणि पूर्वविक्रीत व राखीव किती गेल्या, हे त्याच वेळी सांगावे. कंपनीच्या स्वतःच्या मंचावर मूळ किमतीपेक्षा जास्त दराने पुनर्विक्री होऊ देऊ नये. यासाठी कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.

जागेच्या नकाशावर दिसण्यातले अडथळे, ध्वनिमनोऱ्यांच्या जागा आणि मुख्य कलाकाराची अपेक्षित सुरुवातीची व शेवटाची वेळ द्यावी. पिण्याचे पाणी मोफत असावे. आवाजाची मोजलेली पातळी प्रेक्षकांना दिसेल अशी लावावी आणि कार्यक्रमानंतर तिची नोंद प्रसिद्ध करावी.

गाणी ऐकवणाऱ्या कंपन्यांनी वर्षातून एकदा प्रत्येक वर्गणीदाराला त्याच्या वर्गणीचा हिशेब पाठवावा : कंपनीने किती ठेवले, हक्कधारकांना किती गेले आणि त्यातले त्याने ऐकलेल्या कलाकारांच्या वाट्याला किती आले. वर्षअखेरीस आपण किती मिनिटे गाणी ऐकली याची रंगीत चित्रे आपण हौसेने पाठवता, त्याच यंत्रणेला हा हिशेब जड जाऊ नये. गीतकार आणि संगीतकार यांची नावे गायकाच्या नावाशेजारीच, बोट न दाबता दिसावीत. यंत्राने पूर्णपणे तयार केलेल्या गाण्यावर तशी स्पष्ट खूण असावी आणि ती लावणे गाणे देणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले नसावे.

यांपैकी कोणती मागणी कोणत्या कारणाने मान्य करता येत नाही, हे आपण लेखी आणि जाहीरपणे सांगावे. खासगी पत्रातून दिलगिरी किंवा पुढच्या खरेदीवर सवलत पाठवू नये, ती मी स्वीकारणार नाही. ज्या मैफलीची पूर्ण किंमत विक्रीच्या आदल्या दिवसापर्यंत जाहीर झालेली नसेल, तिचे तिकीट मी यापुढे काढणार नाही, कलाकार कितीही आवडता असला तरी. ज्यांच्या नावावर ही तिकिटे खपतात त्या कलाकारांनाही माझी विनंती आहे, की करारावर सही करण्यापूर्वी किमतीची आणि शुल्काची कलमे त्यांनी स्वतः वाचावीत आणि आपण काय मान्य केले ते श्रोत्यांना सांगावे. उत्तराची वाट पाहत आहे.

कळावे,
आपला,
एक श्रोता